पाच ढेपांची कडूबाई

माणसाला गाव विचारावं, वय विचारावं, झालंच तर गुडघे दुखतात का तेही विचारावं. पण वजन विचारायची रीत कारभाऱ्यांच्या घरात आजवर नव्हती. ती सुनेनं, सुकन्यानं, ऐन दिवाळीत सुरू केली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती वही-पेन घेऊन घरभर फिरली. सासऱ्यांनी, म्हणजे कारभाऱ्यांनी, अठ्ठावन्न सांगितलं, कारण गेल्याच महिन्यात डॉक्टरनं त्यांना काट्यावर चढवलं होतं. चुलतसासरे सूर्यभान यांनी चौसष्ट सांगितलं आणि वर, जेवायच्या आधीचं, असंही सांगितलं. मग ती स्वयंपाकघरात आली. तिथं कडूबाई करंज्या तळत होती आणि तिची धाकटी जाऊ छबूबाई लाटत होती.

"आत्या, तुमचं वजन किती लिहू?"

"पाच ढेपा," कडूबाई म्हणाली. झारा हलवायचीही थांबली नाही.

"म्हणजे पन्नास किलो?"

"धाची ढेप आसती. लिही."

छबूबाईचं लाटणं थांबलं. "माझ्या साडेचार लिही," ती म्हणाली.

सुकन्यानं एकदा या जावेकडे पाहिलं, एकदा त्या जावेकडे. पोरगी डोळ्यांनी अधू नव्हती. पण सासूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेला आकडा, तोही सणाच्या दिवशी, तळणाच्या कढईसमोर. त्यावर शंका काढायची छाती कुठल्या सुनेला होईल? तिनं पन्नास आणि पंचेचाळीस लिहून घेतलं आणि गेली.

पाच ढेपांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नाला सहा वर्षं होऊनही कडूबाईची कूस उजवली नव्हती, तेव्हा सासूनं, लंकाबाईनं, भैरोबाला नवस केला होता: पोर होऊ दे, सुनेच्या भारोभार गूळ वाटीन. मग कल्याण, आताचा सुकन्याचा नवरा, जन्माला आला. गुऱ्हाळावरचा मोठा ताजवा देवळापुढं आणून टांगला. डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढून, देवाकडं तोंड करून कडूबाई एका पारड्यात बसली आणि कारभाऱ्यांनी मोठ्यानं मोजत दुसऱ्या पारड्यात ढेपा ठेवल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचावर ताजवा सरळ झाला. देवापाशी आरतीचं ताट घेऊन बसलेली लंकाबाई म्हणाली, "हलकी हाय माझी सून." बत्तीस वर्षांच्या सासुरवासात त्या बाईनं उच्चारलेला हा एवढाच काय तो चांगला शब्द. कडूबाईनं तो जिवापाड जपला होता.

त्यानंतर एकोणचाळीस दिवाळ्या झाल्या, लेक जया जन्मली, लंकाबाई गेली, गुऱ्हाळ बंद पडलं. कडूबाईच्या पाच ढेपा मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या हलू नयेत म्हणून ती पुन्हा कुठल्याही काट्यावर चढलीच नाही. दवाखान्यात नर्सनं काटा पुढं सरकवला की तिच्या गुडघ्यात कळ यायची.

आता वजनांची गरज का पडली, तर होडीसाठी. शेळ्या-गाई पल्याडच्या रानात, घर अल्याड आणि मध्ये भीमेवरच्या धरणाचा फुगवटा. गुऱ्हाळ मोडल्यापासून त्याची काहील हीच घरची नाव होती. गूळ आटवायची ती भलीमोठी कढई. काहील बुडत नाही हे खरं, पण ती गोल. वल्हं मारलं की पुढं कमी जाते आणि स्वतःभोवती जास्त फिरते. दोन वर्षांमागच्या श्रावणात दुधाच्या दोन कॅनांसकट कडूबाई तिच्यात अशी गरगर फिरली होती, की काठावर उतरल्यावर तिनं बाभळीलाच 'आवं' म्हणून हाक मारली. सगळे पोट धरून हसले. सुकन्या हसली नाही.

ती सुप्याच्या एका कारखान्यात नकाशे काढायची. कल्याणही तिथंच कामाला. दोघं तिकडंच खोली करून राहायची आणि शनिवारी घरी यायची. त्या श्रावणानंतर तिनं परदेशातल्या एका संस्थेत नाव घातलं. होड्या आणि यॉट कशा आखायच्या याचा घरबसल्या अभ्यास. धडे कॉम्प्युटरवर यायचे, उत्तरं कॉम्प्युटरवर जायची आणि तपासणाऱ्या बाई कुठल्याशा समुद्राकाठी बसलेल्या. घरात ही बातमी फुटली तेव्हा छबूबाईनं विचारलं होतं, "नगर जिल्ह्यात समुद्र आनायचा इचार हाय का?" सूर्यभान काहिलीच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, "काहिलीला कुनी आखलं हुतं? तरंगतीया न्हवं?" कल्याण आईसमोर आईचा आणि बायकोसमोर बायकोचा. आणि कडूबाई? ती तेव्हा सरळ छबूबाईच्या बाजूला होती. झोपायच्या खोलीसकटच्या होड्यांची चित्रं बघून तिनंच सगळ्यांत जास्त टिंगल केली होती.

तिची बाजू फिरली ती एका रविवारी. सुकन्यानं अंगणात रांगोळीनं होडी काढली, खऱ्या मापाची, आणि सासूला म्हणाली, "आत्या, यात बसून दाखवा. कॅन कुठं ठेवता, चाऱ्याचा भारा कुठं, उतरताना आधी कुठला पाय टाकता?" चाळीस वर्षं त्या पाण्यावरून ये-जा केली, पण कुठं बसतेस असं तिला कुणी विचारलं नव्हतं. ती रांगोळीत मांडी घालून बसली आणि तासभर सांगत राहिली. सुकन्यानं ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं. तिकडून बाईंनी कळवलं, होडी चांगली आहे, पण बसायच्या फळ्या कुठं आहेत? सुकन्यानं लिहिलं, आमची माणसं खाली मांडी घालून बसतात. बाई म्हणाल्या, मग तशीच बसवून, खऱ्या पाण्यात होडी किती कलते ते मोजून दाखवा. प्रत्येकाचं वजन लिहा. त्यांनी दिलेली ही तिसरी तारीख होती आणि ती नेमकी पाडव्याची निघाली. ती चुकली तर दोन वर्षांचा अभ्यास वाया जायचा, चौथी तारीख मिळणार नव्हती.

म्हणून पाडव्याला सकाळी नवऱ्यांना ओवाळून झाल्याबरोबर सगळं घर पाण्यावर आलं. जुन्या गुऱ्हाळाच्या छपरात पावसाळाभर बांधलेली प्लायवूडची होडी, वरून पांढरा फायबर, पोटावर पाण्याची खूण म्हणून तांबडी रेघ. जया नवऱ्याला पहाटेच ओवाळून सावेडीहून पहिल्या एसटीनं आली होती. ती व्हिडिओ काढायला काठावर मोबाईल धरून उभी. कल्याण कमरेइतक्या पाण्यात दोर धरून. होडीत पाच जणं: पुढं सूर्यभान, मागं कारभारी, मध्ये दोन्ही जावा आणि त्यांच्या समोर सुकन्या. तिच्यापुढं बांबूच्या तिकाटण्याला गवंड्याकडून आणलेला ओळंबा लोंबत होता. त्याचा लोलक डब्यातल्या पाण्यात बुडवलेला, म्हणजे झोके कमी घेतो, आणि दोरीमागं सेंटीमीटरची पट्टी.

सुकन्यानं जयाच्या मोबाईलकडं तोंड करून वहीतली वजनं वाचली. "कारभारी, अठ्ठावन्न. सूर्यभान, चौसष्ट. कडूबाई, पन्नास."

सूर्यभानला ठसका लागला. त्यानं मागं वळून भावाकडं पाहिलं, तर कारभारी पल्याडच्या रानात काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखे बघत होते. कडूबाईला वाटलं, मेला मला हसतोय.

"आता आत्या आणि धाकल्या आत्या, दोघी सरकत सरकत उजव्या कडेला जा. बाकी कुणी हलायचं नाही. कागदाप्रमाणे दोरी बारावर यायला पाहिजे."

दोघी सरकल्या. होडी कलली, कुरकुरली नाही, पाणी कडेपासून चांगलं खाली राहिलं. ओळंबा झुलला, झुलला आणि थांबला.

सुकन्या पट्टीकडं बघत राहिली. "सोळा," ती म्हणाली.

"म्हंजी चारनं जास्त आलं. चांगलं हाय का?" छबूबाईनं विचारलं.

तिनं दोघींना मध्ये आणलं, मग डावीकडं बसवलं. सोळा. पुन्हा उजवीकडं. सोळा. मग दोघींना मध्ये घेऊन तिनं वाकून होडीच्या पोटाकडं पाहिलं. तांबडी रेघ अर्धं बोट पाण्याखाली होती. पोरीचा चेहरा उतरला.

"काय झालं गं?" कल्याणनं पाण्यातून विचारलं.

"कागदावर आहे त्यापेक्षा खूप जास्त कलते. बसलीय पण खोल. म्हणजे माझा हिशोब कुठंतरी मुळातच चुकलाय." तिनं सगळ्यांकडं पाहिलं. "वजनं सगळ्यांनी बरोबर सांगितलीत ना?"

"माझं जेवायच्या आधीचं हुतं," सूर्यभान म्हणाला. "दोन करंज्या धर फार तर."

छबूबाई पाण्याकडं बघू लागली. कडूबाईनं पदर नीट केला. खरं सांगायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण शेजारी जाऊ, पुढं दीर, काठावर लेक आणि लेकीच्या हातात तो चालू असलेला मोबाईल. तिनं उगाच पुन्हा पदर नीट केला.

काठावर आल्यावर घर नेहमीसारखं फुटलं. छबूबाई म्हणाली, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. सूर्यभान म्हणाला, काहील कशी, कुठूनबी बसा, हाय तशी ऱ्हाती. जया वहिनीच्या बाजूनं भांडायला उभी राहिली, पण भांडण्यासाठी नेमकं काय म्हणायचं ते तिला सुचेना. कल्याणनं ओली पँट पिळत मध्यम मार्ग काढला.

"सुकन्या, एक काम कर. सोळाच्या जागी बाराच लिही. ती बाई काय बघायला येतीया? होडी तर चांगली हाय."

"व्हिडिओत दोरी दिसतेय."

"मंग व्हिडिओ जरा लांबून काढू."

"नाही." सुकन्यानं वही मिटली. आवाज चढवला नाही. "आत माणसं बसणारेत, कल्याण. तुझी आईच बसणारे. आलंय ते सोळा पाठवते. नापास तर नापास."

ती जाऊन बाभळीखाली उलट्या पाटीवर बसली आणि लॅपटॉप उघडला. कडूबाई बघत होती. या पोरीनं आपल्याला रांगोळीत बसवलं, पाय कुठला टाकतेस ते विचारलं, आपलं ऐकून होडी आखली. आणि आता आपल्या पाच ढेपांपायी ती स्वतःला चुकलेली समजतेय. कडूबाईला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यापुढं बाकी सगळ्या लाजा लहान झाल्या. ती सुनेपुढं जाऊन उभी राहिली.

"धाडू नको ते."

"पाठवावं लागेल, आत्या. आजच शेवटचा दिवस."

"माझ्या पाच ढेपा न्हाईत."

सुकन्याचं बोट लॅपटॉपवरच थांबलं.

"मग किती?" सुकन्यानं हळूच विचारलं.

"मला काय म्हाईत? पाच हुत्या त्या कल्यानच्या येळी. तवापासनं मोजलंय कुनी? पोरी, तुझं काय बी चुकलं न्हाई. माझंच माप खोटं हाय."

छबूबाईच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांची दिवाळी एकदम उजळली. "अगं बया," ती म्हणाली, "मंग येवढी वर्सं पाच ढेपा, पाच ढेपा म्हनून आमाला..."

"छबू, तू बी चढ काट्यावर."

"मी कशापायी? माझ्या साडेचार..."

"माझ्या पाच म्हनून तुझ्या साडेचार. मी तीन म्हनले आसते तर तू अडीच म्हनली आसतीस. चल."

कांद्याच्या गोण्या मोजायचा काटा छपरातच होता, तांबडे आकडे दाखवणारा. कडूबाईनं चपला काढल्या, देवळाच्या पायरीला लावावा तसा काट्याला हात लावला आणि चढली. डोळे मिटले होते. जयानं आकडा वाचला, "एकाहत्तर किलो चारशे." मग छबूबाई. तिनं आधी कमरेची किल्ल्यांची जुडी काढून ठेवली, मग हातातला मोबाईल, मग विचार करून नाकातली नथही. "सहासष्ट दोनशे."

"मीच हलकी," छबूबाई म्हणाली आणि मनापासून खूश झाली.

सुकन्या कधीच वहीत शिरली होती. पेन सरसर चालत होतं. दोघींचं मिळून बेचाळीस किलो वाढलं, मग होडी खोल बसणारच, रेघ बुडणारच. तिनं खोडलं, पुन्हा मांडलं, आणि एका जागी पेन थांबलं. तिनं वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"किती?" कल्याणनं विचारलं.

"सोळा. आत्या, कागदावर पण सोळाच येतंय."

सूर्यभान उगाच काहिलीकडं जाऊन तिच्यावर एक थाप मारून आला. "दोघी एका अंगाला आल्या तरी कड पान्यात गेली न्हाई," तो कुणाला न सांगता म्हणाला. "चांगलीच आखलीय म्हनायची."

सुकन्यानं लगेच सगळ्यांना पुन्हा होडीत बसवलं. या वेळी वजनं तिनं वाचायची नव्हती. ज्यानं त्यानं आपलं नाव आणि वजन मोबाईलला सांगायचं होतं. कडूबाईची पाळी आली. तिनं पदर खांद्यावर घेतला, डोक्यावर नाही, आणि समुद्राकाठच्या त्या बाईला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं. "मी कडूबाई. वजन एकाहत्तर किलो."

"चारशे ग्रॅम, आई," जया काठावरून ओरडली.

"आन् चारशे ग्रॅम. गप उभी ऱ्हा तू."

दोघी जावा उजव्या कडेला सरकल्या. ओळंबा झुलायला लागला. आता तो थांबेपर्यंत कुणी हलायचं नव्हतं, म्हणून सगळे मूर्तीसारखे बसून होते. मागून कारभारी खाकरले. पाण्याच्या मोटरची वेळ सोडून सहसा काही न बोलणारा माणूस. सकाळपासून त्यांच्या तोंडून चार शब्द निघाले नव्हते.

"तवा बी पाच नव्हत्या," ते म्हणाले.

"काय नव्हत्या?" कडूबाईनं मान न वळवता विचारलं.

"ढेपा. सहा हुत्या. पाच मोजल्या मोठ्यानं. सहावी सूर्यभाननं ठेवली, न बोलता."

सूर्यभान पुढं बघत म्हणाला, "आवाज होऊ नये म्हनून खाली फडकं टाकलं हुतं, वैनी."

ओळंबा जरा जास्तच झुलला.

"आन् मला सांगितलं न्हाई?" छबूबाई नवऱ्यावर घसरली. "मंग मी एवढी वर्सं साडेचारवर कशापायी राह्यले?"

"दादानं शपथ घातली हुती."

कडूबाईच्या डोळ्यांसमोर ते देऊळ आलं. पदराच्या आतला अंधार, मागून येणारा त्यांचा आवाज, एक, दोन, तीन. अंगावर पिणारं पोर आणि दिवसभर भूक. लंकाबाई भाकरी मोजून टोपलीत ठेवायची आणि मोजून काढायची. गुऱ्हाळावरून येताना हे बंडीच्या खिशात शेंगदाणे-गूळ आणायचे आणि काही न बोलता पाळण्यापाशी ठेवून जायचे. तिला तेव्हा वाटायचं, विसरून राहिले असतील.

"का पन?" तिनं विचारलं.

"आई म्हनली आसती, माझ्या घरात खाऊन खाऊन सहा ढेपा झाली. मंग तुला घास गेला आसता का?"

कल्याण दोर धरून आईबापाकडं असा बघत होता, जसं ही दोघं त्याला आजच कुणी दाखवली.

"म्हंजी भैरोबाला फशवलंत," कडूबाई म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"देवाला सहाच दिल्या. समद्या गावाला वाटल्या. पाच त्या नुसत्या आईसाठी हुत्या."

कडूबाईला उठून त्यांच्याकडं जावंसं वाटलं. जाऊन काय करणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं, बहुधा दंडाला चिमटाच काढला असता. सकाळच्या ओवाळणीच्या ताटात त्यांनी काय टाकलं होतं ते आता तिला आठवतही नव्हतं. ओळंब्याची दोरी सोळाच्या आजूबाजूला घुटमळत होती. तिच्या हलण्यानं ती पुन्हा झुलली असती.

"आत्या," सुकन्या अगदी हळू म्हणाली, "एवढ्यात हलू नका हं."

"न्हाई हलत," कडूबाई म्हणाली. गालावरून ओघळ आले ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत. "तू लिही."